वाचलेल्या डिझेलला भाव कोण देणार?

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० सालासाठी ठरविले होते. पुढे ती मुदत अलीकडे ओढण्यात आली आणि २०२५ साली हे उद्दिष्ट गाठलेही गेले. सरकारी उद्दिष्टे वेळेपूर्वी पुरी होण्याचा अनुभव या देशाला फारसा नाही; तेव्हा या यशाबद्दल समाधान व्यक्त होणे स्वाभाविक आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या समाधानामागील कारणही कळते. परंतु या यशामुळे एक समज दृढ होऊ पाहत आहे. वाहतुकीचा धूर कमी करावयाचा म्हणजे वाहनाच्या टाकीत कोणते नवे इंधन ओतावयाचे एवढेच ठरवावयाचे, असा तो समज आहे. तो तपासून घेतला पाहिजे. त्यासाठी दिल्ली-मुंबईचे अहवाल चाळण्याऐवजी खानदेशातील रावेर तालुक्याकडे पाहिले तर अधिक बोध होईल. इथेनॉलचा कच्चा माल असलेला मका येथे पिकतो, डिझेलच्या ट्रकांतून देशभर जाणारी केळी येथे पिकते, विजेवर चालणारा लोहमार्ग तालुक्यातून जातो, आणि जमिनीतील पाणी खोल खोल जात असल्याची चिंताही येथेच आहे. प्रश्नाच्या चारही बाजू एका तालुक्यात एकत्र आलेल्या आहेत.

इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींच्या मागे शेगडी बसवून कोळशाच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्यासाठी १९४८ साली स्वतंत्र कायदाही झाला. पण पुढे स्वस्त तेलाच्या दिवसांत तो कागदावरच राहिला. १९७३ च्या तेलसंकटाने पुन्हा जाग आली आणि दर उतरताच ती पुन्हा मिटली. आजच्या कार्यक्रमाचा प्रारंभ खानदेशच्या उंबरठ्यावर झाला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. २००१ साली पाच टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर देशात तीन ठिकाणी विक्रीस आले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत हा कार्यक्रम लागू झाला, जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा पुरा झाला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत प्रमाण दुप्पट झाले. पहिल्या दहा टक्क्यांना वीस वर्षे लागली आणि दुसऱ्या दहा टक्क्यांना तीन, ही गती कोठून आली हे पाहणे आवश्यक आहे.

ती प्रामुख्याने दरातून आली. इथेनॉलवरील वस्तू व सेवा कर २०१८ साली अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला, आसवनी उभारणाऱ्यांच्या कर्जावरील व्याजाचा भार सरकारने उचलला आणि खरेदीचे दर बांधून दिले. आरंभी या योजनेचा भार उसावर होता. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या तुटीच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि मक्याचे महत्त्व एकाएकी वाढले. मक्यापासूनच्या इथेनॉलला २०२३-२४ च्या हंगामात लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर त्या वेळी ६५ रुपये ६१ पैसे होता. मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत ठरला, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा हा देश २०२४ साली मक्याचा निव्वळ आयातदार बनला.

मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याला याचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. कोंबडीखाद्याच्या कारखानदारांवर अवलंबून असलेल्या पिकाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. २०२३-२४ मध्ये मक्याचा हमीभाव क्विंटलला २०९० रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये २४०० झाला. पण हमीभाव वाढला म्हणजे बाजारभाव वाढतोच असे नाही. २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा अनेक बाजार समित्यांत भाव हमीभावाच्या खाली होते. इथेनॉलच्या आशेने पेरा वाढला. इथेनॉलची मागणी मात्र वीस टक्क्यांच्या टप्प्याशी येऊन थबकली. सरकारी उद्दिष्टावर उभा राहिलेला बाजार उद्दिष्ट पुरे होताच कसा वागतो, याचा हा पहिला धडा होय.

पाण्याचा हिशोब

मक्याचा दुसरा हिशोब पाण्याचा आहे, आणि रावेरच्या दृष्टीने तोच अधिक गंभीर आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतचा हा पट्टा गाळाच्या जमिनीचा. या गाळात पाणी भरपूर साठत असे, म्हणूनच येथे केळीच्या बागा उभ्या राहिल्या. पुढे विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या, उपसा पुनर्भरणाहून अधिक झाला, आणि भूजलाच्या सरकारी पाहण्यांत रावेर व यावल या तालुक्यांची नोंद अतिशोषित म्हणून झाली. तापीचे पुराचे पाणी या गाळात जिरविण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. तो स्वागतार्ह आहे; पण योजना जमिनीवर उतरून पातळी वर येईपर्यंत बराच काळ जाणार, हे उघड आहे.

अशा तालुक्यात रब्बीचा बागायती मका इंधनासाठी पिकविला तर काय होते, याचा ढोबळ हिशोब कोणालाही मांडता येईल. एकरी तीन टन उत्पन्न आले व टनामागे ३८० लिटर इथेनॉल मिळाले, तर एका एकरातून सुमारे ११४० लिटर इथेनॉल निघते. रब्बी मक्याला अर्धा मीटर पाणी लागते असे धरले तर एकराला वीस लाख लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे पावणेदोन हजार लिटर पाणी झाले. हे पाणी ८० मीटर खोलीवरून उपसावे लागत असेल आणि पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के असेल, तर एकरामागे हजार-अकराशे युनिट वीज खर्ची पडते. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तेव्हा केवळ पाणी उपसण्यातच एकरामागे पावणेआठशे किलो वायू निर्माण होतो.

आता दुसरी बाजू पाहू. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. सबब ११४० लिटर इथेनॉल साडेसातशे लिटर पेट्रोलची जागा घेते आणि तेवढ्या पेट्रोलचा सतराशे किलोंच्या आसपास धूर वाचविते. त्यातील जवळजवळ निम्मी बचत पंपानेच खाऊन टाकली! रासायनिक खत, आसवनीतील इंधन आणि मक्याची वाहतूक यांचा खर्च अजून लावावयाचाच आहे. मक्याच्या चोथ्याचे पशुखाद्य होते, त्याचे श्रेय इथेनॉलच्या खाती जमा करावयास हवे, हे खरे. ठिबक सिंचनाने पाणी कमी लागते हेही खरे. परंतु त्याने हिशोबाचा तोल सुधारतो, उलटत नाही. सौर पंप बसविला तर धुराचे गणित एकदम सुधारते, पण पाण्याचे बिघडण्याचा संभव असतो. कारण उपशाला वीजबिलाचा वा भारनियमनाचा जो थोडा लगाम आहे तोही सुटतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण इंधनालाही लागू पडते.

यावर कोणी म्हणेल, की केळीला मक्याहून अधिक पाणी लागते, मग केवळ मक्यालाच दोष का? आक्षेप रास्त आहे. पण केळीच्या पाण्यातून अन्न पिकते, हजारो हातांना काम मिळते, आणि पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे शेतकऱ्याच्या हाती येणारा पैसाही मक्याहून अधिक असतो. पाणी दुर्मिळ असेल तेव्हा ते कोठे खर्चावे हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न आहे, आणि मोटारीची टाकी हे त्याचे पहिले उत्तर असू शकत नाही. पावसावर येणारा खरिपाचा मका, खाण्यास अयोग्य झालेले धान्य, साखर काढून उरलेली मळी यांचे इथेनॉल करण्यास कोणाची हरकत असू नये. आक्षेप आहे तो आटणाऱ्या भूजलावर पिकविलेल्या इंधनाला स्वच्छ म्हणण्यास.

रूळ आणि रस्ता

केळीचा विषय निघाला म्हणजे वाहतुकीचा विषय ओघानेच येतो. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सावदा, निंभोरा व रावेर ही स्थानके एकेकाळी केळीच्या डब्यांनी गजबजलेली असत. उत्पादकांच्या सहकारी संस्था माल गोळा करीत, डब्यांची मागणी नोंदवीत, आणि घड उत्तरेच्या बाजारपेठांकडे रवाना होत. आज बहुतांश केळी ट्रकने जाते. रेल्वेचे इंजिन कोळशावर होते तेव्हा केळी रेल्वेने जात असे. रेल्वे विजेवर आली तेव्हा केळी डिझेलवर गेली. स्वच्छ इंधनाच्या चर्चेत ही विसंगती कोणाला खटकत नाही, हे आश्चर्य आहे.

ही एका तालुक्याची कथा नव्हे. १९५०-५१ साली देशातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग रेल्वेकडे होता. आज तो एक-तृतीयांशाहूनही कमी झाला आहे. मध्य रेल्वेच्या सर्व रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. तारा डोक्यावर आल्या, पण त्यांखालून जावयाचा माल शेजारच्या महामार्गावर आहे.

पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा होणारे घर्षण डांबरी रस्त्यावरील रबरी चाकाच्या घर्षणाहून कित्येक पटींनी कमी असते. हा निसर्गनियम आहे. त्याला अनुदान लागत नाही. रावेरहून दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर धरली आणि पंधरा टन केळी नेणारा ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो असे मानले, तर एका फेरीस पावणेतीनशे लिटर डिझेल लागते. म्हणजे टनामागे अठरा लिटर. त्यातून टनामागे पन्नास किलोंच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हाच माल विजेच्या पार्सल गाडीने नेला, डब्यांचे वजन व ते रिकामे परत आणण्याचा खर्चही त्यात धरला, तरी टनामागे चाळीस युनिट वीज पुरावी. त्या विजेचा धूर तीस किलोंहून अधिक होत नाही. वीस डब्यांच्या, डब्यात तेवीस टन माल घेणाऱ्या एका गाडीमागे आठ हजार लिटरांहून अधिक डिझेल वाचते. ऊर्जेच्या मापाने एवढ्या डिझेलची जागा घेण्यास बारा एकर मक्याचे इथेनॉल लागेल. आठवड्याला अशी एक गाडी वर्षभर चालली, तर सहाशे एकरांहून अधिक मक्याचे काम ती एकटी करते, आणि तेही विहिरीतील थेंबभर पाणी न घेता.

‘ही वीज तरी कोळशाचीच ना?’ असे विचारले जाईल. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी भुसावळकरांच्या डोळ्यांसमोर असल्याने हा प्रश्न खानदेशात अधिकच सहज सुचतो. वरील हिशोबात कोळशाच्या विजेचा धूर धरलेला आहे, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर असे, की वीज कालांतराने स्वच्छ होत जाते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्याच तालुक्यात महानिर्मितीचा सौर प्रकल्पही आहे. अशा विजेचा वाटा जसजसा वाढेल तसतशी त्याच रुळावरची तीच गाडी आपोआप स्वच्छ होईल. डिझेलच्या ट्रकाला ही सोय नाही.

ट्रक का जिंकला

मग बागाईतदार व व्यापारी ट्रककडे का वळले? ते अडाणी होते म्हणून नव्हे. ट्रक बागेच्या बांधाशी उभा राहतो आणि थेट मंडईत माल उतरवितो. रेल्वेला माल स्थानकावर आणावा लागतो, तेथे चढवावा लागतो, पलीकडे पुन्हा उतरवावा लागतो. प्रत्येक हाताळणीत घडाला मार बसतो. ट्रकास दहा-पंधरा टन माल पुरतो, तर संपूर्ण गाडीस एकाच दिवशी साडेचारशे टन माल जमवावा लागतो. डबे वेळेवर मिळतील याची शाश्वती नसते आणि वाटेत गाडी अडकली तर उन्हाळ्यात केळी डब्यातच पिकू लागते. नाशवंत मालाच्या धन्याला स्वस्त भाड्याहून खात्रीची वेळ अधिक मोलाची वाटते. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या दूर केल्याखेरीज पर्यावरणाच्या नावाने कोणी माल रुळावर आणणार नाही.

पण त्या दूर करता येतात, याचा अनुभवही याच तालुक्याच्या गाठी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दाणापूरला पहिली किसान रेल सुटली. त्यानंतर रावेर व सावदा येथून दिल्लीच्या आदर्शनगरला केळीच्या गाड्या धावल्या. भाड्यात पन्नास टक्के सवलत होती आणि गाडीला निश्चित वेळापत्रक होते. माल जमला, गाड्या भरल्या. मार्च २०२२ अखेर अन्नप्रक्रिया खात्याचे अनुदान थांबले आणि त्याबरोबर किसान रेलचा उत्साहही ओसरला.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरला बांधलेला दर आहे, करसवलत आहे, व्याजाचे साहाय्य आहे आणि त्याची मोजदाद ठेवणारे मंत्रालय आहे. रेल्वेने वाचविलेल्या डिझेलच्या लिटरला मात्र कोणी वाली नाही. पहिल्या लिटरमागे आसवनी आहे, तिचा मालक आहे, बँक आहे. दुसऱ्या लिटरमागे केवळ न जळालेले तेल आहे, आणि न जळालेल्या तेलाचे शिष्टमंडळ मंत्र्यांकडे जात नाही. शिवाय विकल्या गेलेल्या डिझेलवर राज्याला कर मिळतो. न विकलेल्यावर काहीच मिळत नाही. दोन्ही लिटर देशाचे परकीय चलन सारखेच वाचवितात, किंबहुना दुसरे अधिक वाचविते. तरीही सरकारी तिजोरीचे दार पहिल्यालाच उघडे राहते. किसान रेलची सवलत शेतकऱ्यावरील कृपा म्हणून दिली गेली, म्हणून ती काढून घेणे सोपे गेले. इंधनबचतीचा मोबदला म्हणून ती दिली असती, तर इथेनॉलच्या दराप्रमाणेच तिलाही स्थैर्य लाभले असते.

म्हणून मागणी साधी आहे. स्वच्छ वाहतुकीचे साहाय्य कोणत्या इंधनाचे किती लिटर निर्माण झाले यावर मोजू नये. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती तेल, किती धूर आणि किती पाणी लागले यावर मोजावे. हे माप लावले तर प्राधान्यक्रम आपोआप ठरतो. लांब पल्ल्याचा माल प्रथम रुळावर आणावा. त्यासाठी रावेर-सावदा येथून हंगामभर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी हवी. स्थानकालगत सावलीची व शीतगृहाची सोय हवी. आणि लहान बागाईतदारांचा माल एकत्र करणाऱ्या सहकारी संस्थांना नवे बळ हवे. दुसऱ्या क्रमांकावर जवळच्या पल्ल्याची वाहने विजेवर आणावीत. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि ‘शिवाई’ ही विजेवरची पहिली गाडीही १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर सुटली. बागेपासून स्थानकापर्यंतचा पाच-पंचवीस किलोमीटरचा पल्ला विजेच्या मालवाहू गाडीला मुळीच अवघड नाही.

तिसऱ्या क्रमांकावर टाकाऊ मालापासूनचे इंधन येते. घड कापल्यावर उभे राहणारे केळीचे खोड हेक्टरी साठ-सत्तर टनांपर्यंत भरते आणि ते हटविण्यास शेतकऱ्यालाच खर्च येतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने ते जाळता येत नाही, पण कुजवून त्याचा वायू करता येतो. संकुचित जैववायूसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना आणली आणि पाच हजार प्रकल्पांचे स्वप्न दाखविले. उभे राहिलेले प्रकल्प त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. ओला माल दूर नेणे परवडत नाही, म्हणून असे प्रकल्प मोठ्या शहरांजवळ न उभारता बागांच्या मध्यभागी आणि लहान आकाराचेच उभारले पाहिजेत. जळगावच्या केळी संशोधन केंद्राने व विद्यापीठाने यात लक्ष घालावयास हवे. पिकवून तयार केलेले इंधन या यादीत सर्वांत शेवटी येते, आणि तेही जेथे पाऊस पुरेसा आहे तेथेच.

सामान्य नोकरदाराने याची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. वीस टक्के मिश्रणाने जुन्या दुचाकीची धाव तीन-चार टक्क्यांनी आणि मोटारीची सहा-सात टक्क्यांनी घटते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. म्हणजे स्वच्छ इंधनाचा एक हप्ता शिक्षक, कारकून व विद्यार्थी पंपावर भरीतच आहेत. जो हप्ता भरतो त्याला हिशोब मागण्याचा अधिकार असतो. मिश्रणाचे प्रमाण वीसवरून सत्तावीस वा तीस करावे काय, याची चर्चा आता सुरू झाली आहे. ते ठरविण्यापूर्वी विजेच्या तारांखालून शेतमालाच्या आणखी किती गाड्या सोडता येतील, याचे उत्तर सरकारने द्यावे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ इंधन म्हणजे जाळावेच लागले नाही ते. त्याला भाव देण्याची बुद्धी धोरणकर्त्यांना होईल तेव्हाच या कार्यक्रमाचा आरंभ योग्य ठिकाणाहून झाला असे म्हणता येईल.